भागीरथीची सहाण

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या शिवारात, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या गाडरस्त्याला एक जुनी विहीर आहे आणि विहिरीच्या काठाला मारुतीचा ओटा. यंदा पाडव्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्या मारुतीनं अंगावरचा शेंदूर टाकला. दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर चढत गेला की देवाच्या अंगावर त्याचं जाडजूड कवच होतं. मग पाच-पन्नास वर्षांनी कधीतरी ते उन्हानं तडकतं आणि आपोआप गळून पडतं. यात घाबरण्यासारखं काही नसतं. उलट म्हातारी माणसं हात जोडतात, कवचाचे तुकडे वाजतगाजत तापीत सोडतात आणि आतून निघालेल्या मूळ मूर्तीला नवा शेंदूर लावतात.

पंचाईत ही झाली की आतून मूर्ती निघालीच नाही. कोहळ्याएवढं कवच बाजूला झालं आणि कोनाड्यात उभा राहिला एक चपटा, गोल, पिवळसर दगड. जेवणाच्या ताटापेक्षा थोडा लहान, आणि त्यावर मधोमध सुरू होऊन बाहेर फिरत गेलेलं एक वेटोळं. डोळे नाहीत, गदा नाही, उचललेला पाय नाही.

ओट्याची पूजा लीलाधर पाटलांकडे. वय त्रेसष्ट, आवाज खणखणीत, आणि स्वतःचं म्हणणं स्वतःलाच इतकं पटलेलं की दुसऱ्याला पटवून द्यायला काही शिल्लकच राहत नसे. त्यांनी वेटोळ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि मग निकाल दिला. ही मारुतीची शेपूट आहे. रावणाच्या दरबारात आसन मिळालं नाही तेव्हा मारुतीनं शेपटीचं वेटोळं करून त्यावर बैठक मारली होती ना, तीच ही बैठक. वरचा मारुती मागं कधीतरी तुटून गेला असणार आणि शेंदराखाली कोणाच्या ध्यानात आलं नसणार. म्हणजे मूर्ती खंडित. खंडित मूर्तीची पूजा चालत नाही. तेव्हा जयपूरहून पांढऱ्या संगमरवराचा मारुती मागवायचा, हनुमान जयंतीला तो बसवायचा आणि ही शेपूट त्याच सकाळी तापीत सोडायची.

गावाला पटलं. शेपूट तर डोळ्यांसमोर दिसतच होती.

पटलं नाही ते एकट्या मालूबाईला. मालूबाई म्हणजे लीलाधरच्या चुलतभावाची बायको, सत्तर वर्षांची. आजूबाजूच्या चाळीस गावांत कोणाची लेक कुठं दिली आणि कोणाची सून कुठून आली हे तिला तोंडपाठ. लग्न जमवायचं म्हटलं की लोक आधी तिच्या अंगणात येऊन बसत आणि मग पंचांग उघडत. लग्न होऊन आली त्याला बावन्न वर्षं झाली, आणि त्यातली एक सकाळ गेली नाही की तिनं मारुतीचा ओटा झाडला नाही. पण झाडायचा तो दुसऱ्या पायरीपर्यंत. तिसरी पायरी आणि देव पुरुषांचे. मारुती ब्रह्मचारी, बाईनं शिवायचं नाही. मालूबाईनं नियम मोडला नव्हता, पण नियम आवडत असल्याचं सोंगही कधी केलं नव्हतं. ज्याच्या दारातला कचरा बावन्न वर्षं काढला, त्याला एकदा हात लावून पाहावा असं कुणालाही वाटेल. तिला फार वाटायचं.

आणि आता तो दगड नदीत जाणार होता. शेपूट असो, नाहीतर आणखी काही. मालूबाईचा जीव नुसता तुटत होता. असं घरातलं माणूस काढून टाकतात का, असं ती दिवसभर कोणाला ना कोणाला ऐकवत होती.

त्यात घरात नातवाची, उमेशची, दीड महिन्याची मुलगी संध्याकाळ झाली की पोट दुखून रडायची. उमेशची बायको योगिता तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची. त्या गडबडीत गरम पाण्याची रबरी पिशवी सापडेना, तेव्हा उमेश वैतागून म्हणाला, "गेली भागीरथीची सहाण."

हे या घरातलं बोलणं होतं. चष्मा, अडकित्ता, मोटारसायकलची किल्ली, जे हरवलं आणि आता सापडणार नाही, ती भागीरथीची सहाण. भागीरथी म्हणजे मालूबाईची आजेसासू, लीलाधरची सख्खी आजी. मालूबाई लग्न होऊन आली तेव्हा ती ऐंशी ओलांडून गेली होती. तिच्या डोक्याला तेल लावायचं काम नव्या सुनेकडे आलं. दोन वर्षं लावलं, मग म्हातारी गेली. पोर रडलं की ती खाटेवरून म्हणायची, "माझी सहाण तुमच्या देवानं नेली, आता गुटी कशावर उगाळू?" म्हातारपणाचा भ्रम, असं सगळे म्हणायचे. म्हातारी गेली आणि घरात म्हण राहिली.

शेपटीचा फोटो उमेशनं काढला होता. तो त्यानं इंदूरला बहिणीला पाठवला. ही तृप्ती, भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होती. दगडांचं शिकायला इंदूरला कशाला जावं लागतं, हे लीलाधरआबांना अजून उलगडलेलं नव्हतं. फोटो पाहून तृप्तीचा तासाभरात फोन आला. दगडाला कोणी धक्का लावू नका, घासू नका, धुऊ नका, मी येते. आणि हनुमान जयंतीच्या आदल्या सकाळी ती बसनं येऊन, चहासुद्धा न घेता, आजीला आणि उमेशला घेऊन ओट्यावर गेली.

तिथं लीलाधर नव्या मारुतीसाठी कोनाडा रुंद करून घेत होते. तृप्ती दुसऱ्या पायरीवर गुडघे टेकून बसली आणि दुरूनच दगड पाहू लागली. इतका वेळ पाहत राहिली की गवंड्यानंही काम थांबवलं.

"आबा, हे खंडित नाही," ती म्हणाली. "ये तो पूरा आहे. याच्यातून काहीच तुटलेलं नाही."

मग तिनं सांगितलं ते असं. ही शेपूट नाही, हा शंख आहे, दगड झालेला. यात एक प्राणी राहत होता. दिसायला गोगलगायीचा भाऊ, पण नातं समुद्रातल्या माकूळ आणि अष्टपादाशी. त्याला म्हणायचं अमोनाइट. वेटोळ्याच्या अंगावर कोथिंबिरीच्या पानासारख्या कातरलेल्या रेषा दिसतात ना, त्या शंखाच्या आतल्या पडद्यांच्या खुणा. तो समुद्रात पोहायचा, नऊ कोटी वर्षांपूर्वी.

नऊ कोटी ऐकून गवंडी हसला. लीलाधर हसले नाहीत. ते म्हणाले, शंख तर शंख. पण हा देव आपल्या आजोबांना, गोटू पाटलांना, याच विहिरीत सापडला. विहीर खणली तेव्हा देव मिळाला आणि पाणी लागलं, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. तेव्हा समुद्र असलाच तर या विहिरीत होता, आणि एम.एस्सी. करणाऱ्यांनी तसं लिहून घ्यावं.

तृप्तीनं लिंबू मागितलं. ओट्यावर लिंबांना काय तोटा, शनिवारची उरलेली चार पडलीच होती. तिच्या सांगण्यावरून, आंघोळ करून आलेल्या उमेशनं एक लिंबू आधी विहिरीच्या काठाच्या काळ्या दगडावर पिळलं. काही झालं नाही. दुसरं त्यानं देवाच्या कडेला, जिथं तेल मुरलं नव्हतं तिथं खरवडून पिळलं, आणि तिथं बारीक फेस आला. लीलाधरांनी मान वाकवून पाहिलं. देवाला लिंबू वाहण्यात गैर काही नव्हतं, त्यामुळे त्यांना रागवायलाही जागा सापडेना.

काळा दगड लाव्ह्याचा, तृप्ती सांगू लागली. बुऱ्हाणपुरात कुठंही विहीर खणा, हाच लागणार. हा पिवळा दगड चुनखडीचा, समुद्राच्या तळाचा. तो समुद्र पश्चिमेकडून आत शिरला होता, पण नर्मदेच्या खोऱ्यातून. बाग, मनावर, त्या बाजूला त्याचे थर आजही उघडे आहेत आणि त्यांत हेच शंख सापडतात. ती स्वतः मागच्या हिवाळ्यात कॉलेजबरोबर जाऊन पाहून आली होती. सातपुड्याच्या या अंगाला त्याची एकही खूण नाही. आणखी गंमत तिच्या सरांनी सांगितली होती. खाली तामिळनाडूतही त्या काळचे शंख निघतात, पण ते दुसऱ्या समुद्राचे, त्यांचे भाऊबंद पूर्वेकडचे. या नर्मदेकडच्यांचे भाऊबंद अरबस्तानात, पार इजिप्तकडे. एकाच देशात राहून यांची त्यांची फारशी ओळख नव्हती, कारण मध्ये जमीन आडवी होती.

एवढा वेळ मालूबाई केरसुणी हातात धरून पहिल्या पायरीवर उभी होती. समुद्र तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. पण कोण कुठला, कोणाचं नातं कुठवर पोचतं आणि कोणाचं येणंजाणं कुठं अडतं, हे सगळं तिला नीट कळलं. हा तर तिचाच विषय होता.

"मतलब सोयरीक," ती म्हणाली. "हा नर्मदेकडचा. आपल्या बाजूला याचं कोणीच नही."

"हो आजी. कोणीच नाही."

"मंग इथं आला कसा?"

तृप्तीनं खांदे उडवले. कोणीतरी आणला असणार. दगड काही चालत येत नाही.

मालूबाई विहिरीच्या काठावर बसली. तिच्या डोक्यात चाळीस गावांचा नकाशा होता आणि त्यावर लग्नांच्या वाटा. कापूस जायचा तो खाली जळगावकडे. केळी जायची ती रेल्वेनं दिल्लीला. नर्मदेच्या पलीकडून, डोंगर ओलांडून, या गावात आजवर काय आलं असेल, ते ती एकेक करून पाहत गेली.

"लीलाधरभाऊ," ती म्हणाली, "नर्मदापारून आपल्या घरात एकच चीज आली. सून."

 त्यांची आजी भागीरथी मनावरकडची, हे त्यांना मालूबाईनं सांगायची गरज नव्हती. लहानपणी ते स्वतः तिला 'नर्मदापारची' म्हणून चिडवायचे. बाराव्या वर्षी लग्न होऊन बैलगाडीनं सात दिवस प्रवास करून ती आली होती, आणि गाडीत एक पेटी होती, आईनं भरून दिलेली.

मालूबाईनं एवढंच मागितलं की देव फिरवून दाखवा. त्याची पाठ पाहू द्या. तिथं काय असेल याचा तिला अंदाज आला होता, पण ती बोलली नाही, कारण अंदाज चुकला असता तर गावानं तिला दुसरी भागीरथी म्हटलं असतं. लीलाधर म्हणाले, देवाची पाठ बघायची नसते. मालूबाई म्हणाली, तुमच्याच निकालानं हा आता देव नही, तुटकी शेपूट आहे, आणि शेपटीला पाठ कसली? गवंडी खाली बघून हसला. लीलाधर म्हणाले, उद्या बघू. उद्या म्हणजे विसर्जन, हे मालूबाईला कळत होतं. ती त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

हनुमान जयंतीला सकाळी सगळं गाव ओट्यापाशी जमलं. ताशे आले, जयपूरचा मारुती ट्रॅक्टरवरून उतरला, गोरापान, गोंडस आणि सगळ्या अवयवांनिशी. शेपूट न्यायला लाल कापड घातलेली पाटी तयार होती. मालूबाई दुसऱ्या पायरीवर येऊन उभी राहिली, बावन्न वर्षं उभी राहायची तिथंच.  तिच्या बाजूनं पाटी पुढं न्यायला जागा उरली नाही.

लीलाधर वर चढले. त्यांनी नमस्कार केला, दोन्ही हातांनी दगड कोनाड्यातून उचलला, आणि पाटीत ठेवताना तो पालथा पडावा की उताणा, याचा क्षणभर विचार केला. खरं तर ते रात्रभर तोच विचार करत होते. मग त्यांनी दगड पाठ वर करून ठेवला.

पाठ सपाट होती, आणि मधोमध एक खळगा. हातानं उगाळून उगाळून पडतो तसाच, लांबट, गुळगुळीत, आणि खळग्याच्या तळाशी पिवळा रंग इतका आत मुरलेला की इतक्या वर्षांत तो गेला नव्हता. हळकुंडाचा रंग ओळखायला तिथं एम.एस्सी. लागणार नव्हती. जमलेल्या प्रत्येक बाईच्या घरात तसला खळगा असलेला एक दगड होता, लहान किंवा मोठा.

योगितानं कडेवरची मुलगी सावरली आणि हळूच म्हणाली, "भागीरथीची सहाण."

ताशेवाले थांबले. कोणी हसलं नाही.

लीलाधर तसेच उकिडवे बसले. ते बोलले ते गावाला नाही, खळग्यालाच बोलल्यासारखे. विहीर खणायला घ्यायची तर पहिल्या कुदळीला काठावर एक दगड मांडून त्याला शेंदूर लावतात. देव म्हणून कोणताही दगड चालतो. आजोबांनी घरातून हाताला लागला तो नेला असेल. बरा गोल होता. आणि नेमकं पाणी लागलं. पाणी लागल्यावर तो दगड परत घरी कोण आणणार? "मंग त्याचा देव झाला," ते म्हणाले. "आणि आजीले त्याले हात लावता येईना."

हे ऐकलं आणि मालूबाईला रडू आलं. ती उघड रडली, पदर न लावता. पन्नास वर्षं ती म्हातारी ओट्यासमोरून गेली असेल, आपल्या आईनं दिलेली वस्तू समोर पाहत, आणि खरं ते बोलली तर सगळ्यांनी तिला वेडी ठरवलं. मालूबाईनंही. तेल लावताना तीही हसली होती, आणि ते तिला या वेळी अगदी लख्ख आठवलं.

"वयनी," लीलाधर म्हणाले, "वर या."

मालूबाई तिसऱ्या पायरीवर चढली. लीलाधरांनी पाटी तिच्यापुढं सरकवली. तिनं आधी पदराला हात पुसले, मग उजव्या हाताचा तळवा खळग्यात ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता.

मारुती ठरल्याप्रमाणे बसला, ताशे वाजले आणि उमेशनं शहरातून आणलेली मावा जलेबी सगळ्या गावाला पुरली. तापीत सोडायला शेंदराचे तुकडे होतेच, त्यामुळे मिरवणूकही वाया गेली नाही. आपला निकाल चुकला असं लीलाधर कुठंही म्हणाले नाहीत. उलट आजीचा समुद्र आपल्याच घरात निघाला, हे ते पाहुण्यांना अशा थाटात सांगू लागले की समुद्र त्यांनीच आणून ठेवला होता. तृप्तीनं दगडाचे फोटो काढले, मापं घेतली आणि आजीला बजावलं की शेंदरात शिसं असतं, तेव्हा यावर उगाळलेलं बाळाच्या तोंडात एक थेंबही जाता कामा नये. दोघींचं त्यावर चांगलंच वाजलं. शेवटी तृप्तीनं सांगितलं तसं झालं. दगड जपायचा, पूजेच्या दिवशी त्यावर चंदन उगाळायचं आणि ते नुसतं देव्हाऱ्यातल्या देवांना लावायचं. बाळाची पोटदुखी पुढं आपली आपणच थांबली, पण मालूबाईसमोर तसं कोणी म्हणत नसे. घरात काही हरवलं की काय म्हणायचं, ही मात्र अडचणच झाली.

सहाण आता देव्हाऱ्याच्या बाजूला पाटावर असते, वेटोळं खाली आणि खळगा वर. मालूबाई रोज तिला पुसते.

पुढच्या शनिवारी नव्या मारुतीला शेंदूर लावून लीलाधर तिच्या दारात आले. बराच वेळ केळीच्या भावाबद्दल आणि उन्हाबद्दल बोलले. मग उंबऱ्याशी घुटमळले. आजीच्या हातची गुटी त्यांनी कधी घेतलीच नव्हती. ते जन्मले तेव्हा तिची सहाण केव्हाच ओट्यावर जाऊन बसली होती.

"वयनी," त्यांनी विचारलं, "एक डाव हात लावू का?"

मालूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"पाय धुऊन या," ती म्हणाली.